अथेन्स ते स्पार्टा: जासुदाच्या वाटेवर 36 तास

स्पार्टाथलॉनला निघणाऱ्याच्या मनात भीती असते ती रात्रीच्या डोंगराची. 160 किलोमीटर पायाखालून गेल्यावर, अंधारात, निसटत्या दगडांवरून सुमारे 1,200 मीटर उंचीची खिंड चढायची, हे नुसतं ऐकूनच पोटात गोळा येतो. पण या शर्यतीतले पुष्कळ जण तो डोंगर पाहतच नाहीत. त्यांची शर्यत पहिल्या दिवशी दुपारी, कॉरिंथच्या कालव्याच्या आसपास, भर उन्हात संपते आणि मागून येणारी बस त्यांना उचलून घेते. त्या बसला सगळे 'डेथ बस' म्हणतात. आत बसल्यावर मात्र त्या नावावर कुणी हसत नाही. अथेन्सपासून स्पार्टापर्यंत 246 किलोमीटर, मुदत 36 तास. आम्ही या रस्त्यावर धावलोही आहोत आणि दुसऱ्याच्या बाटल्या भरत गाडीतूनही फिरलो आहोत. इथे लिहितोय ते त्यातलं, पुढच्याच्या कामाला येईल असं.

आधी हे 36 तास कुठून आले ते सांगायला हवं, कारण सगळं नियोजन त्या आकड्याभोवती फिरतं. इ.स.पू. 490 मध्ये पर्शियन सैन्य अथेन्सजवळच्या मॅरेथॉन या ठिकाणी उतरलं. लढाईच्या आधी अथेन्सच्या सेनापतींनी फिलिपिडीस नावाच्या जासुदाला मदत मागायला स्पार्टाला पाठवलं आणि तो दुसऱ्या दिवशी तिथे पोचला, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. काही हस्तलिखितांत हाच माणूस फिडिपिडीस आहे, आणि जगात तेच नाव जास्त चालतं. तो खेळाडू नव्हता. निरोप पोचवणं हा त्याचा पेशा. अशा माणसांना ग्रीक लोक हेमेरोड्रोमोस, म्हणजे दिवसभर धावणारे, म्हणत. स्पार्टावाल्यांनी नाही म्हटलं नाही, पण त्या दिवशी महिन्याची नवमी होती आणि पौर्णिमा झाल्याशिवाय निघता येणार नाही असं त्यांनी कळवलं. पौर्णिमेनंतर 2,000 स्पार्टन निघाले आणि तिसऱ्या दिवशी अथेन्सच्या मुलुखात पोचले. तोवर लढाई संपली होती.

आणि मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन, 'जिंकलो' म्हणून प्राण सोडणारा तो जासूद? हेरोडोटसच्या ग्रंथात तो कुठेच नाही. ही कथा भेटते प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडे, म्हणजे साडेपाचशे-सहाशे वर्षांनंतर, आणि त्याच्याकडे धावणाऱ्याचं नाव थेर्सिप्पस किंवा युक्लीस असं आहे. फिलिपिडीसचं नाव तिला जोडलेलं दिसतं ते लुशियनच्या लेखनात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. पुढे 1879 साली रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने एका कवितेत दोन्ही धावा एकाच माणसाच्या गळ्यात घातल्या. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी मॅरेथॉन ते अथेन्स अशी शर्यत सुचवली आणि चषकही देऊ केला. 10 एप्रिल 1896 रोजी स्पिरिडॉन लुईसने ते साधारण 40 किलोमीटर 2 तास 58 मिनिटं 50 सेकंदांत पूर्ण केले. 42.195 हा आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकचा. तो कायमचा ठरला 1921 मध्ये. प्राचीन ऑलिंपिकमध्ये असलं काही नव्हतंच. तिथली सगळ्यात लांब धाव डोलिखोस, इ.स.पू. 720 पासूनची, आणि तिची लांबी बहुधा 20 ते 24 स्टेडिया. ऑलिंपियाचं एक स्टेडियन 192 मीटरचं, म्हणजे जेमतेम 4 ते साडेचार किलोमीटर. थोडक्यात, ग्रीकांचं खरं लांब धावणं स्टेडियममध्ये नव्हतं, निरोपाच्या वाटांवर होतं. रोमन लेखक प्लिनी फिलिपिडीसचा पल्ला 1,140 स्टेडिया देतो आणि पुढे टोमणाही मारतो: अलेक्झांडरचा जासूद फिलोनिडीस एका दिवसात सिसिऑन ते एलिस 1,305 स्टेडिया धावला, त्यापुढे हे काय! प्लिनीच्या आकड्यांवर आम्ही पुरता विश्वास ठेवत नाही. पण फिलोनिडीस खरा होता, ऑलिंपियात त्याच्या नावाचा शिलालेख सापडला आहे.

हेरोडोटसचं म्हणणं तपासून पाहिलं ते जॉन फोडेन या ब्रिटिश हवाई दलातल्या अधिकाऱ्याने. तो स्वतः लांब पल्ल्याचा धावपटू होता. एवढं अंतर दीड दिवसात माणसाला जमतं का, एवढाच त्याचा प्रश्न. 8 ऑक्टोबर 1982 रोजी तो हवाई दलातल्या आणखी चौघांना घेऊन अथेन्सहून निघाला. तिघे पोचले: जॉन शोल्टन्स 34 तास 30 मिनिटांत, फोडेन 37 तास 37 मिनिटांत, जॉन मॅकार्थी 39 तासांत. सकाळी 7 ला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 7 ला पोचायचं, म्हणजे 36 तास. शर्यतीने हीच मुदत धरली. या हिशेबाने आज खुद्द फोडेनलाच बसमध्ये बसावं लागलं असतं.

मार्ग ठरवताना त्याने राजकारणाचाही विचार केला. कॉरिंथकडून टेगियाला, स्पार्टाच्या वाटेवरच्या गावाला, जाणारी सोपी वाट आर्गोसवरून जाते. पण आर्गोस स्पार्टाचं हाडवैरी, आणि इ.स.पू. 494 च्या सुमारास सेपियाच्या लढाईत स्पार्टाने त्यांचं कंबरडं मोडलं होतं. स्पार्टाकडे मदत मागायला निघालेला जासूद त्या गावातून कशाला जाईल? म्हणून मार्ग नेमिया, लिर्किया आणि संगासच्या खिंडीतून, म्हणजे त्या रात्रीच्या डोंगरावरून, घेतला. फिलिपिडीसला टेगियाच्या वरच्या अंगाला, पार्थेनियन डोंगरावर, पॅन हा देव भेटला असं हेरोडोटस सांगतो. संगासच्या खिंडीतच पॅन भेटला असं शर्यतीत सगळे म्हणतात. नकाशा काढून बसलं तर पार्थेनियन तिथून दक्षिणेला आहे, पण पहाटे 3 वाजता खिंडीत नकाशाची कुणाला पडलेली नसते.

1983 मध्ये पहिली अधिकृत शर्यत झाली, 11 देशांतले 45 धावपटू. यानिस कुरोस हा ग्रीक धावपटू 21 तास 53 मिनिटांत पोचला, दुसऱ्याच्या जवळजवळ 3 तास आधी. पुढच्या वर्षी त्याने 20 तास 25 मिनिटं लावली आणि तो विक्रम 2023 पर्यंत टिकला. फोटिस झिसिमोपुलोसने तो 19 तास 55 मिनिटांवर आणला. कायरन डिसूझा 2016 मध्ये ही शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला.

आता कामाचं. नाव नोंदवायला पात्रता लागते. पुरुषांना 100 किलोमीटर 10 तासांत, स्त्रियांना साडेदहा तासांत; किंवा 24 तासांच्या शर्यतीत पुरुषांना 180 आणि स्त्रियांना 170 किलोमीटर. 100 मैलांसारखे इतर पर्यायही आहेत, आणि नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीचं पत्रक वाचल्याशिवाय पात्रता शर्यत निवडू नये. भारतातल्या माणसाला सोयीची पडते ती 24 तासांची स्टेडियम धाव. मुंबई-बंगळुरूत त्या होतात. गोल गोल फिरण्याचा कंटाळा सोसता आला तर तिथे घाट नाहीत, वाहतूक नाही आणि अंतराचा वाद नाही. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला भरायचे असतात आणि जागा सुमारे 400. देशागणिक जागा ठरलेल्या, बाकी सोडत. पात्रतेपेक्षा बऱ्याच चांगल्या वेळेत धावलेल्याला सोडतीशिवाय प्रवेश मिळतो. डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. शुल्क पाहून डोळे पांढरे होतात, पण त्यात हॉटेल, जेवण आणि परतीची बस आलेली असते, हे लक्षात घ्यावं. शर्यत सप्टेंबरअखेरीस असते आणि शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्यांची रांग मोठी असते, तेव्हा जूनमध्येच तारीख धरावी.

सराव कसा करायचा हे ठरवण्याआधी एक गुणाकार मांडून पाहा. कॉरिंथजवळच्या हेलास कॅन कारखान्यापाशी 22 वा चेकपॉइंट, म्हणजे खाण्यापिण्याचं आणि वेळ तपासण्याचं केंद्र, आहे, साधारण 80 किलोमीटरवर, आणि तो साडेनऊ तासांनी बंद होतो. म्हणजे तिथवर किलोमीटरला 7 मिनिटांच्या आसपास वेग हवा, थांबण्यासकट. पुढच्या 166 किलोमीटरना साडेसव्वीस तास मिळतात, म्हणजे किलोमीटरला साडेनऊ मिनिटांपेक्षा किंचित जास्त. हा ताशी सव्वासहा किलोमीटरचा वेग, झपाझप चालण्याचा. अर्थात शर्यतीची मुदत सुरुवातीला घट्ट आणि नंतर सैल आहे. ज्याला सावकाश सुरू करून शेवटी वेग वाढवायची सवय आहे, त्याची इथे पंचाईत होते. ज्याला जोरात सुरू करायची सवय आहे, त्याची तर जास्तच.

म्हणून सरावात दोन गोष्टींना आम्ही वरचं स्थान देतो. एक, 7 मिनिटांच्या आतल्या वेगाने 50-60 किलोमीटर उन्हात, दम न लागता. दुसरी, चालणं. ताशी साडेसहा किलोमीटरने चालता येणं हे शिकावं लागतं. बहुतेक धावपटू चालायला लागले की ताशी 5 वर येतात, आणि 100 किलोमीटर चालण्यात हा फरक जवळपास पावणेपाच तासांचा होतो. आठवड्याला 110 ते 150 किलोमीटर, शनिवार-रविवारी लागोपाठ दोन लांब धावा, हे ठीकच. रस्ता जवळजवळ सगळा डांबरी आहे, तेव्हा डोंगरातल्या मऊ पायवाटांवर केलेला सराव पायांना फसवतो. पुण्या-साताऱ्याकडच्यांना डांबरी घाट जवळ आहेत. चढ चालून जा आणि उतार धावा. पाय मोडतात ते उतारावर, कारण तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो आणि त्याचे तंतू फाटतात. ही इजा आधी थोडी थोडी करून घेतली तर स्नायू ती सोसायला शिकतो. दर 10-12 दिवसांनी एक लांब उतार पुरे. शेवटच्या 3 आठवड्यांत मात्र उतार बंद.

उन्हाच्या बाबतीत आपल्याकडच्यांचा एक गैरसमज असतो: आम्हाला ऊन नवीन नाही. सप्टेंबरअखेरीस ग्रीसमध्ये दुपारी 30 अंशांच्या पुढे पारा जातो, पण हवा कोरडी. मुंबई-पुण्यात घाम अंगावरून वाहतो आणि किती गेला ते कळतं. तिथे तो लगेच उडून जातो, कपडा कोरडा राहतो आणि तहान लागेपर्यंत लिटरभर पाणी गेलेलं असतं. टोपीच्या पट्टीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसले की समजा उशीर झाला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सामानाच्या पिशव्या द्याव्या लागतात. 75 चेकपॉइंट आहेत आणि कुठल्याही केंद्रावर पिशवी ठेवता येते. प्रत्येकीवर धावक्रमांक आणि केंद्राचा क्रमांक हवा. हे लेबल पावसात पुसलं जाऊ नये म्हणून पक्क्या शाईने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. 2018 मध्ये भूमध्य समुद्रातलं झोर्बास वादळ ऐन शर्यतीत आलं होतं, तेव्हा पाऊस पडणारच नाही असं धरून चालू नये. पिशव्या 10-12 पुरतात. नवखे 30 ठेवतात आणि मग प्रत्येक ठिकाणी आपली पिशवी शोधत उभे राहतात.

आमची वाटणी अशी असते. मेगाराला, जिथे साधारण 42 किलोमीटर होतात, सनस्क्रीन आणि मीठ. हेलास कॅनला कोरडे मोजे आणि खाणं. प्राचीन कॉरिंथला, 93 किलोमीटरवर, डोक्याचा दिवा. याबद्दल फार गोंधळ होतो. मुदतीच्या जवळ धावणारा तिथे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास असतो, सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि पुढचा रस्ता गावांतून आणि बागांमधून जातो. दिवा नेमियाला ठेवला तर 2-3 तास आंधळ्यासारखं धावावं लागतं. नेमियाला पूर्ण बाह्यांचा कपडा. लिर्कियाला, 148 किलोमीटरवर, जाकीट, हातमोजे, डोकं झाकणारी टोपी आणि दिव्याच्या नव्या बॅटऱ्या. हे सगळं डोंगराच्या पायथ्याला ठेवायचा मोह होतो, पण लिर्कियानंतर लगेच चढ लागतो आणि थंडी पायथ्याआधीच गाठते. नेस्तानीला, डोंगराच्या पलीकडे, कोरडे कपडे. टेगियाला पुन्हा उन्हाची टोपी आणि काळा चष्मा.

सकाळी 7 वाजता, ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी, उजाडता उजाडता सुरुवात होते. याच टेकडीच्या उत्तर उतारावर पॅनची गुहा आहे. तुम्ही माझी आठवण का ठेवत नाही, असं पॅनने फिलिपिडीसला विचारलं होतं. म्हणून लढाईनंतर अथेन्सवाल्यांनी त्याचं देवस्थान केलं आणि दरवर्षी यज्ञ आणि मशालींची शर्यत सुरू केली. धावायला येणाऱ्यांपैकी फारसं कुणी तिकडे जात नाही.

पहिला तास सगळे जोरात पळतात. रस्ता शहरातून उतरत जातो, हवा थंड असते, पोलीस वाहतूक अडवून धरतात. पुढे एलेफ्सिनाचा कारखान्यांचा पट्टा, मग समुद्राच्या कडेकडेने मेगारा, किनेटा, आगिओई थिओडोरोई. छायाचित्रांत हा किनारा फार सुंदर दिसतो. धावणाऱ्याला तिथे सावली नाही एवढंच आठवतं.

वेगाचा हिशेब असा ठेवा: 42 किलोमीटर साडेचार तासांत, म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 20-25 सेकंद, आणि हेलास कॅनला पावणेनऊ तासांत. पाऊण तास शिल्लक. 4 तासांत 42 केले तर शिल्लक वाढते असं कागदावर दिसतं, पण ती टिकत नाही. उन्हात जोरात धावलं की रक्त कातडीकडे वळतं, अंग गार ठेवायला. पोटाला रक्त कमी पडतं, प्यायलेलं कोला आणि खाल्लेली ऊर्जेची गोड जेल तिथेच डुचमळत राहतात आणि 60 ते 70 किलोमीटरच्या दरम्यान उलटी होते. एकदा पोट बंद पडलं की पुढचे 3-4 तास ऊर्जा आत जात नाही. तिथून पुढे काय होतं ते सांगायला नको.

उपाय थंडाव्याचा. प्रत्येक केंद्रावर स्पंज असतात. ते मानेवर आणि मांड्यांवर पिळा. बर्फ मिळाला तर टोपीत आणि गळ्याभोवतीच्या रुमालात. हात पांढऱ्या बाह्यांनी झाकून त्या ओल्या ठेवा. तासाला 500 ते 750 मिलिलिटर पाणी, 500 ते 700 मिलिग्रॅम सोडियम, 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. पोटाला सवय असेल तर 80. नुसतं पाणी पीत राहणं हा दुसरा खड्डा आहे. बोटं सुजली, घड्याळाचा पट्टा घट्ट झाला, डोकं जड आणि मळमळ, तर ते रक्तातलं सोडियम खाली गेल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा आणखी पाणी पाजणारा मदतनीस नुकसानच करतो. केंद्रांवर कोला, बिस्किटं, चिप्स, मनुके मिळतात, मोठ्या ठिकाणी सूप आणि भात. अथेन्समध्ये कुठल्याही टपरीवर पास्तेली मिळते, तीळ आणि मधाची. आपल्या तिळाच्या चिक्कीची बहीणच ती. गोड जेलचा वीट आल्यावर तीच खाल्ली जाते, मात्र नीट चावून खा, कारण कोरड्या तोंडात तीळ अडकतात.

75 केंद्रं म्हणजे सरासरी सव्वातीन किलोमीटरला एक. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट थांबलात तर सव्वा तास गेला. प्रत्येक केंद्राच्या फलकावर पुढचं केंद्र किती दूर आणि हे केंद्र किती वाजता बंद होणार ते लिहिलेलं असतं. तो फलक वाचा, बाटली भरा, चालत चालत खा. बसायचं ठरवून ठेवलेल्या तीन-चार ठिकाणीच, आणि खुर्चीपेक्षा दगडावर. खुर्चीतून उठवत नाही. क्रूला, म्हणजे गाडीतून फिरणाऱ्या मदतनिसांना, फक्त नेमून दिलेल्या केंद्रांवरच मदत करता येते. मधेच गाडी थांबवून बाटली दिली तर शिक्षा धावपटूला होते. सोबत धावणारा कुणी चालत नाही.

कालव्याच्या पुलावरून खाली पाहायला सगळे क्षणभर थांबतात. 1893 मध्ये खुला झालेला हा कालवा फिलिपिडीसच्या वेळी नव्हता. तेव्हा संयोगभूमीवरून जहाजं ओढून नेण्यासाठी फरसबंदी वाट होती, डिओल्कोस. पुलानंतर लगेच हेलास कॅन. तिथे पाऊण तास हातात असेल तर 10 मिनिटं बसून मोजे बदला. 5 मिनिटंच असतील तर बसू नका, पुढची केंद्रंही फार उदार नाहीत. शिल्लक खरी वाढू लागते ती रात्री.

प्राचीन कॉरिंथपासून नेमियापर्यंतचा भाग या शर्यतीतला सगळ्यात सुखाचा. ऊन उतरलेलं, अपोलोच्या मंदिराचे 7 खांब डोळ्यांसमोर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे आणि ऑलिव्हचे मळे. गावातली पोरं वह्या घेऊन सही मागायला उभी असतात. सही द्या, पण चालत चालत. इथे अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि लोक वेग वाढवतात. वाढवू नका. हा वेळ पोट परत चालू करण्याचा आहे: सूप, उकडलेला बटाटा, खारट काहीतरी. नेमियानंतर काही किलोमीटर कच्चा रस्ता आहे. दिवसभर डांबरावर घासलेले पाय इथे खड्यांवर पडतात आणि फोड फुटतात. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे असावेत, कारण पावलं सुजतात. गरम टोचणी जाणवली की त्याच केंद्रावर पट्टी लावा.

लिर्कियानंतर नागमोडी डांबरी चढ सुरू होतो आणि 159 किलोमीटरच्या पुढे डोंगराचा पायथा येतो. तिथून खिंडीपर्यंत अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, पण रस्ता संपलेला असतो. बकऱ्यांची वाट, सुटे दगड, एका अंगाला दरी, खुणेचे दिवे. हा चढ धावायचा नाही, हात गुडघ्यांवर ठेवून चालायचा. 40 मिनिटं ते तास लागतो आणि तेवढा द्यावाच. चूक होते ती पायथ्याशी. खाली अंग घामाने ओलं असतं आणि गरम वाटत असतं म्हणून जाकीट कमरेला बांधलं जातं. वर वारा लागतो, पारा 5-6 अंशांवर असतो, साखर संपलेली असते, आणि काही मिनिटांत दात वाजायला लागतात. बोटं इतकी गारठतात की जाकिटाची चेनही लावता येत नाही. पायथ्यालाच कोरडा कपडा, त्यावर जाकीट, हातमोजे चढवा. घाम आला तरी चालेल.

उतार चढापेक्षा वाईट. पलीकडची बाजू बारीक खडीची आणि पाय मांडीतून गेलेले. पावलं आखूड ठेवा, टाच रोवू नका. खाली पोचल्यावर नेस्तानीच्या अलीकडे झोप येते. रस्त्याच्या कडेचा दगड माणूस वाटतो, झाडाखाली कुणी बसलेलं दिसतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या जासुदाला इकडेच कुठेतरी देव दिसला, याचं इथे आलेल्या कुणालाही आश्चर्य वाटत नाही. 10 मिनिटं डोळे मिटणं उपयोगी पडतं, पण केंद्रावर, उठवायला माणूस सांगून. कॉफी या वेळेसाठी राखून ठेवलेली असावी. दिवसभर कॅफिन घेतलेल्याला ती आता लागू होत नाही.

टेगिया 195 किलोमीटरवर. इथून पुढे शर्यत कंटाळवाणी आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. त्रिपोली-स्पार्टा महामार्ग, बाजूने जाणारे ट्रक, लांबलचक चढ आणि पुन्हा चढलेलं ऊन. डाव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चला. चढ 220 किलोमीटरच्या पुढेमागे संपतो आणि मग स्पार्टापर्यंत जवळजवळ 20 किलोमीटर उतार. वेळ हातात असलेल्यालाही हा उतार धावता येत नाही, आणि वेळ नसलेल्याला धावावाच लागतो. वेदनाशामक गोळ्यांचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक टाळा. फुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात जमा होत असतं, अंगात पाणी कमी असतं, त्यात या गोळ्या तिथला रक्तपुरवठा आणखी घटवतात.

स्पार्टात शिरल्यावर सायकलवरची मुलं सोबत येतात. मुख्य रस्त्याच्या टोकाला स्पार्टाचा प्राचीन राजा लिओनिडास याचा पुतळा आहे. शेवटची रेघ नाही, फीत नाही. पुतळ्याच्या पायाला हात लावला की वेळ थांबते. डोक्यावर ऑलिव्हची माळ घालतात आणि एव्रोटास नदीचं पाणी प्यायला देतात. पहिल्यालाही तेच आणि 35 तास 59 मिनिटांनी आलेल्यालाही तेच. लगेच वैद्यकीय तंबूत नेऊन पाय धुतात, फोड साफ करतात. घाईने उभं राहू नका, थांबल्यावर रक्तदाब पडतो आणि पुतळ्यापाशी टिकलेली माणसं तंबूत कोसळतात.

पुढचे 2 दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. ती कोलासारखी काळपट असेल किंवा होतच नसेल तर सरळ रुग्णालय गाठा, भारतात जाऊन पाहू असं म्हणू नका. पावलं चपलेत मावत नाहीत, तेव्हा विमानासाठी एक नंबर मोठी चप्पल आणि दाबाचे मोजे सोबत हवेत, आणि परतीचं तिकीट निदान 3 दिवसांनंतरचं. ज्यांचं स्पार्टा हुकलं त्यांनीही आपल्या केंद्रांच्या वेळा उतरवून घ्याव्यात. नेस्तानीला ठरलेल्या वेळेत पोचलेल्याची ती धाव पुढच्या अर्जासाठी पात्रता म्हणून धरली जाते, आणि त्यासाठी वेगळी 24 तासांची धाव मारायची गरज उरत नाही.